ऑपरेशननंतरचे तीन महिने

सरकारी नोकरीत माझं काम बोलण्याचं होतं. चिखलीच्या रस्त्यावर एका मोठ्या गावात आरोग्य केंद्र होतं आणि तिथे मी कुटुंबनियोजनाचा प्रचार करत असे. माझा हुद्दा लांबलचक होता. गावानं तो 'नसबंदीवाले मास्तर' एवढा आखूड करून घेतला होता, आणि हे संततिनियमनाच्या तत्त्वाला धरूनच झालं असं मला वाटे.

प्रचारासाठी खात्यानं एक कापडी फलक दिला होता. त्यावर लाल त्रिकोण आणि सुखी कुटुंब. त्या कुटुंबाच्या घरावर कौलं होती, दारात गाय होती, आणि नवऱ्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. खेड्यापाड्यांतून मी तो फलक उलगडे आणि बायका त्या गायीकडे पाहत बसत.

निरोधाची पाकिटंही आमच्याकडे येत. खात्याच्या लेखी निरोध ही नवरा-बायकोमधली वस्तू होती. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या जोडप्याला ती द्यायची. तिचा दुसराही उपयोग आहे, म्हणजे रोग अडवण्याचा, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, मी पुस्तकात वाचलं होतं, आणि खात्यालाही माहीत असणारच. पण ते बोलायचं तर पुरुष घराबाहेर कुठे कुठे जातात, हे आधी कबूल करावं लागलं असतं. आमच्या छापील भाषणातला पुरुष कुठेच जात नसे. तो संध्याकाळी घरी येऊन मुलांचा अभ्यास घेई.

प्रत्यक्षातला पुरुष दिवाळीनंतर कापसाची गाडी घेऊन चिखलीला जाई. बाजाराच्या आवाराबाहेर गाड्यांची रांग लागे. कधी नंबर त्याच दिवशी लागे, कधी गाडीखालीच मुक्काम पडे. बैलांना कडबा टाकून झाला की माणसाला काम नसे. बाजारामागे एक बोळ होती आणि त्या बोळीत काही बाया राहत. या गोष्टीची चर्चा कुणी करत नसे, पण बोळीचा रस्ता विचारावा लागलेला एकही गाडीवान मला भेटला नाही.

त्या वर्षी कार्तिकात आमच्या केंद्रात पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर झालं. मांडव, तोरण, लाउडस्पीकर. ऑपरेशनं दुपारपर्यंत आटोपली, पण खरा कार्यक्रम त्यानंतर होता. पंचायत समितीचे सभापती येणार होते. ते उशिरा आले आणि आल्यावर उशीर भरून काढावा तसे बोलले. देशाची लोकसंख्या, धरणं, शेजारी राष्ट्रांची नियत, सगळं झालं. मांडवात ऑपरेशन झालेली माणसं पाय फाकवून बसली होती आणि टाळ्या वाजवायला हलावं लागत असल्यानं टाळ्या वाजवत नव्हती. सभापतींना हे थंडपण लागलं असावं. त्यांनी भाषण आणखी लांबवलं.

भाषणानंतर प्रत्येकाला त्यांच्या हस्ते दाखला द्यायचा होता. जाड कागद, त्यावर डॉक्टरांची सही आणि गोल शिक्का. दाखले वाटून झाले तेव्हा दिवस कलला होता आणि माणसांना गावोगाव सोडणाऱ्या जीपचा ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला होता. शेवटी नर्सबाईंनी उभं राहून काही सूचना द्यायच्या होत्या, पण मांडव तोवर रिकामा झाला होता. त्यांनी आणलेलं खोकं उचलून त्या आत गेल्या आणि खोकं कोठीच्या खोलीत ठेवून दिलं.

पौषात एके सकाळी त्या शिबिरातलाच एक गाडीवान आला. जवळच्याच खेड्यातला, पस्तिशीचा, थोडी कोरडवाहू जमीन असलेला, आणि हंगामात दुसऱ्यांचा कापूस वाहणारा. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि खिशातून दाखला काढून त्यानं टेबलावर आपटला.

"मास्तर, हा कागद खोटा हाय का खरा?"

"खराच आहे. का?"

"मंग मले हे काऊन झालं?"

काय झालं ते त्यानं सांगितलं. लघवीला आग आणि पू. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे, आणि शिबिराच्या दिवशी भाषण चालू असताना आत जाऊन झोपलेला एकमेव शहाणा माणूस. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "परमा आहे. चिखलीला गेला होतास?"

"गेलतो."

"काही वापरलं होतंस?"

"नाही ना साहेब! तिनं दुकानातलं पाकीट काढलं व्हतं. म्हणे, हे घाल. म्या म्हटलं, मले गरज नाही, अन् हा कागद दाखवला. तिले वाचता येत नाही, पण शिक्का पाह्यला तिनं."

डॉक्टरांनी दाखला हातात घेतला. "हा ऑपरेशनचा दाखला आहे."

"तेच सांगून राह्यलो. तुमी मले आधी तपासलं. कमरेखाली तपासलं. मंग ऑपरेशन केलं, मंग शिक्का मारला. आमच्या बैलाच्या बाजारात जनावराचा डॉक्टर तपासते अन् कागद देते. त्या कागदावर बैल इकल्या जाते. जनावर निरोगी हाय म्हणूनच देते ना? मंग माणसाचा कागद काय बैलापेक्षा हलका हाय?"

मी हसलो नाही, कारण त्याच्या बोलण्यात चूक शोधायला मला वेळ लागला. सरकारी डॉक्टरनं तपासून शिक्का मारलेला कागद त्याच्या आयुष्यात एकाच ठिकाणी येत असे, आणि तिथे त्याचा अर्थ पक्का होता. आम्ही शिबिरात इतकं बोललो, पण त्या कागदाचा अर्थ काय आणि काय नाही, हे सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. ऑपरेशननं मूल होणं थांबतं, रोग लागणं थांबत नाही. परमा इंजेक्शनांनी बरा होईल. पण त्याच वाटेनं गरमी, म्हणजे उपदंशही येतो आणि तो रक्तात लगेच दिसत नाही. आज रक्त घेऊ, आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेऊ. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत खात्री नाही.

"बायको कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माहेरी. लोणारकडची हाय. माय पडली तिची, पाय मोडला, म्हणून दिवाळीपासून तिकडंच हाय. संक्रांत झाली का येते." मग त्याचा आवाज खाली आला. "लहानं पोरगं अंगावर पेते अजून."

"म्हणजे हे झाल्यावर तिच्याशी संबंध आलेला नाही. चांगलं आहे. ती आल्यावर दुसरा रिपोर्ट येईपर्यंत एक तर दूर राहा, नाही तर दर वेळी निरोध वापर. बायकांना हा रोग आतून धरतो. कित्येकींना कळतही नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

गाडीवानानं दाखला परत घेऊन खिशात घातला. मग म्हणाला, "साहेब, माहं ऑपरेशन झालं हे तिले माहीत हाय. तिच्याच मागं लागण्यानं केलं म्या. आता ऑपरेशन झालेला माणूस घरात निरोध आणन, तं ते काय म्हणन? येडी हाय का ते?"

ही अडचण डॉक्टरांच्याही लक्षात आली नव्हती. ज्याचं ऑपरेशन झालेलं नाही त्याला निरोध वापरायला शंभर सबबी होत्या. याला एकही नव्हती.

दारात नर्सबाई उभ्या होत्या. साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, आणि सबबींचा तिटकारा असलेल्या. त्या म्हणाल्या, "सबब कशाला लागते? ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरायचाच असतो. नळीत जुना साठा राहतो. शिबिराच्या दिवशी मी तेच सांगणार होते. पाकिटं अजून कोठीत पडली आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी नर्सबाईंकडे. शिबिरातल्या एकाही माणसाला आम्ही हे सांगितलं नव्हतं. धरणांची माहिती मात्र सगळ्यांना मिळाली होती.

"मी सगळ्यांच्या घरी जाते," नर्सबाई म्हणाल्या. "त्यात याचंही घर येईल. याच्या बायकोला तीन महिन्यांचं सांगीन, कारण ते खरं आहे. त्यापुढचं तुझं तू सांगायचंस. तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेव."

गाडीवानानं मान हलवली. पुढचं पुढे, असा त्याचा चेहरा होता.

मग आम्ही घरोघर हिंडलो. नर्सबाई बायकांशी आत बोलत आणि मी ओट्यावर पुरुषांशी. पहिल्याच गावात एक म्हातारा खोकत खोकत म्हणाला, "काऊन बे मास्तर, आधी दोर कापला अन् आता पिशवी बांधून राह्यला? तुमचा तुमच्याच कामावर भरवसा नाही काय?" सगळा पार हसला. दुसऱ्या गावात पोरांनी पाकिटं फोडून फुगे केले होते आणि त्यातला एक देवळाच्या कळसाशी अडकला होता. सरपंच तो काठीनं काढत होते आणि तो काय आहे हे पुजाऱ्याला कळू नये म्हणून धडपडत होते. पुजारी म्हणाले, "असू द्या हो, माझ्याही घरी आहेत."

ही बातमी सभापतींपर्यंत गेली आणि त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्या बैठकीत गादी, तक्क्या आणि त्यांचाच मोठा फोटो होता. फोटोला हार होता. ते हयात असताना हे कसं, असा प्रश्न मला पडला, पण तो विचारण्याचा प्रसंग नव्हता.

"मी भर सभेत सांगितलं की ऑपरेशन म्हणजे शंभर टक्के बंदोबस्त," ते म्हणाले. "आणि तुम्ही घरोघर हे वाटत फिरता? लोक म्हणतात, सभापती खोटं बोलले. माझ्या शब्दाला काही किंमत?"

नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, शब्दाला आहे. पण भाषणानं नळी रिकामी होत नाही."

सभापती माझ्याकडे वळले. मी तक्क्याकडे पाहत राहिलो. त्यानंतर तो विषय संपला. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस केंद्रावर येऊन काही पाकिटं घेऊन गेला. सभापतींचं ऑपरेशन झालेलं नव्हतं आणि त्यांच्या सौभाग्यवतींचं वय पाहता हा खप कुटुंबनियोजनात धरावा की कसं, हे मला ठरवता आलं नाही. मी तो धरला.

डॉक्टरांच्या मनात मात्र त्या दाखल्याचं राहिलं होतं. असा एकच गाडीवान असेल असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणून एका दुपारी नर्सबाई आणि मी चिखलीला त्या बोळीत गेलो. उन्हात बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांतली थोराड, सगळ्यांवर देखरेख करणारी बाई उठून आली. मी खात्याच्या भाषेत सुरुवात केली. तिनं मला हातानं थांबवलं आणि नर्सबाईंना म्हणाली, "बाई, यायले बसाले सांगा. हे उभे राह्यले का लोकं समजतीन, गिऱ्हाईक हाय अन् लाजून राह्यलं."

मी बसलो.

नर्सबाईंनी तपासणीचं, इंजेक्शनांचं सांगितलं. ती ऐकत होती. "येतो ना दवाखान्यात. याआधीबी गेलो," ती म्हणाली. "पण सुई घेऊन काय करता? आज सुई घेतली, उद्या गाडीवाला येते तुमचा कागद घेऊन. पाकीट पुढं केलं तं म्हणते, सरकारनं पास केलं मले. एक तं म्हणे, तुह्याजवळ हाय का शिक्का? मले बिनाशिक्क्याची म्हणते, पाहा!"

तांदूळ निवडणाऱ्या बाया हसल्या. ती हसली नाही. "हे पोरी हायेत. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं, तं यायचं काय चालते? तुमी त्यायले सांगा. ते तुमचं ऐकतीन, तुमचाच कागद घेऊन फिरतेत."

हे खरं होतं, आणि त्यात माझ्या कामाचा भाग सरळ होता. त्या हंगामात मी बाजाराच्या आवाराबाहेर गाड्यांच्या रांगेत जाऊन बसू लागलो. फलक नेला नाही. चुलीवर चहा उकळत असे, आणि मी सांगे की हा कागद बैलाच्या कागदासारखा नाही. यात मूल होणार नाही एवढंच लिहिलं आहे. बोळीत जात असाल तर पाकीट घ्या आणि तिनं दिलं तर नाही म्हणू नका. कुणी म्हणे, "आमी कुठं जातो बाप्पा!" आणि पाकीट घेई. कुणी म्हणे, "भावासाठी द्या." चिखलीत त्या हंगामात भावांची मोठी काळजी घेतली गेली. माझ्या वरिष्ठांना जो अहवाल पाठवायचा त्यात हे वाटप कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. पण खप वाढलेला दिसत होता आणि खातं खुश होतं.

संक्रांतीनंतर गाडीवानाची बायको आली. नर्सबाई तिच्या घरी जाऊन तीन महिन्यांचं सांगून आल्या. "काय म्हणाली?" मी विचारलं. "हुशार आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडीवानाचा परमा इंजेक्शनांनी गेला. पहिला रक्ताचा रिपोर्ट निर्मळ आला. तो दर बाजाराला येऊन पाकिटं नेई आणि मला रामराम घाली. पण कार्तिकात झालेल्या ऑपरेशनचे तीन महिने माघात संपत होते आणि दुसरं रक्त चैत्रात घ्यायचं होतं. मधल्या काळासाठी त्याच्याजवळ काही नव्हतं. माघ संपता संपता तो आला तो थेट नर्सबाईंकडे.

"बाई, घरची म्हणते, महिने सरले. आता हे कायले आणता? तुमी तिले सांगा ना, सरकारनं सहा केले म्हणून."

"तीन सांगितले कारण तीन खरे आहेत. सहा खोटे आहेत. मी तुला आधीच बजावलं होतं."

तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तं भाषणात लय काय काय सांगता. अजून एक सांगा!"

डॉक्टर आतून म्हणाले, "मग वेगळा झोप. महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे."

"कारण काय सांगू?"

"ते तू ठरव. पण पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटलास असं समजू नको. अजून नक्की नाही. चुकलास तर भोगणार ती."

तो गेला. मी वाचलेल्या पुस्तकांत अशा वेळी माणसं पश्चात्तापानं रडतात किंवा विहिरीत उडी घेतात. आमच्याकडची माणसं बहुतेक वेळा काहीच करत नाहीत, आणि मला त्याचंच भय वाटत होतं. तो एक दिवस कंटाळेल, पाकीट संपलं म्हणेल, आणि सगळं तिच्यावर जाईल.

चार-पाच दिवसांनी सकाळी ती दोघं आली. ती पुढे, कडेवर मूल, आणि तो बराच मागे, जणू वेगळ्याच कामाला निघालेला. ती नर्सबाईंसमोर बसली.

"बाई, माह्यं रक्त घ्या."

"का गं?"

"हे परवा गोठ्यात झोपाले गेले. म्या म्हटलं, बैल आजारी हाय का? म्हणे, नाही, मी हाय. मंग समदं सांगतलं." तिनं मूल मांडीवर नीट घेतलं. "मले आधीच वास आल्ता. तुमी तीन महिने सांगतले तवा तुमी माह्याकडं पाहून सांगतले, अन् हे जमिनीकडं पाहून राह्यले व्हते."

नर्सबाई म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलले."

"नाही बोल्ल्या. पण पुरतं बी नाही बोल्ल्या."

नर्सबाईंनी ते ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं. तिनं विचारलं की लेकराला दूध पाजू का. डॉक्टर म्हणाले, पाज, तुला काही झालं असेल असं मला वाटत नाही, पण पाहू. गाडीवान पडवीत उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि तोही बसला नाही.

"अन् हे गोठ्यातच राहतीन," ती जाताना म्हणाली. "बैलायलेबी सोबत झाली."

चैत्रात त्याचं दुसरं रक्त घेतलं आणि तिचंही पुन्हा घेतलं. रिपोर्ट जिल्ह्याहून यायला वेळ लागला. ते आले त्या दिवशी नर्सबाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती आणि तो बाजूला गाडीच्या चाकाला वंगण लावत होता. नर्सबाईंनी सांगितलं, दोघांचंही रक्त निर्मळ आहे, आता काळजी नाही.

तो उठून उभा राहिला. त्याचे हात काळे झाले होते आणि ते कुठे पुसावेत हे त्याला सुचत नव्हतं. ती मात्र मिरच्या पसरत राहिली. पसरून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बाई, पाकिटं असतीन तं द्या."

"आता कशाला? आता तुम्हाला गरज नाही."

"मले नाही. दिवाळी झाली का गाडी चिखलीले जाईन."

तो घाईनं म्हणाला, "मी नाही जात आता तिकडं. पोराची आण!"

"पोराले मधात आणू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जाऊ नका, हेच माह्यं सांगणं हाय. अन् तुमी नाही जाणार, असंबी मी धरून चालते. पण रांगेत मुक्काम तुमचा असते, माहा नाही. तुमच्या शब्दावर मी माहा जीव ठेवत नाही."

नर्सबाईंनी पिशवी उघडली. त्यानं काळे हात पाठीमागे घेतले, आणि ती पाकिटं घ्यायला पुढे आली.